सत्यवतीअक्कांचा ऑक्टोपस

आमच्या घरमालकीण सत्यवतीअक्का यांच्या घरात ज्या वस्तूवर क्रोशाचं झाकण नाही अशी वस्तू मी पाहिलेली नाही. टीव्हीवर झाकण, मिक्सरवर झाकण, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेली जाळी, दाराला तोरण, सोफ्याच्या पाठीला रुमाल. वायफायच्या खोक्यालासुद्धा त्यांनी पांढरी टोपी घातली होती, आणि मग सिग्नल येत नाही म्हणून त्यांचे यजमान नरसिंहराव कंपनीला फोन करून भांडत बसायचे. मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि बनशंकरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अक्का माझ्या लॅपटॉपचं माप घ्यायला वर आल्या. मी नको म्हटलं. "असू दे की, धूळ बसत नाही," म्हणाल्या, आणि चौथ्या दिवशी झाकण आलं. ते मी अजून वापरते.

हे घराणं बंगळूरचंच. पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आले असं नरसिंहराव सांगतात. रंगात आले तर घोड्याचा रंगही सांगतात. घरात मराठी बोलतात, पण पहिले काही दिवस ती मला कानडीच वाटायची. भाजीवाल्याशी कानडी, देवळात कानडी, टीव्हीवर कानडी. मराठी फक्त देवापुढं गाऱ्हाणं घालायला आणि नवऱ्याशी भांडायला. माझ्या पुणेरी मराठीला अक्का हसायच्या. "तू बोलतीस तसं आमच्याकडं फक्त लग्नपत्रिकेत लिहितात," असं त्यांनी मला एकदा तोंडावर सांगितलं होतं. मीही काही कमी नाही. 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हणायच्या त्यांच्या सवयीची मी भरपूर टिंगल केली आहे.

त्यांच्या विणकामाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी: त्या मोजत नसत. लग्नाआधी धारवाडच्या एका मावशीच्या शेजारी बसून, बघून बघून शिकलेल्या. कागद नाही, आकडा नाही. कुणाच्या घरी एखादा रुमाल आवडला की दोन मिनिटं हातात धरायच्या, उलटा करून बघायच्या, आणि आठवड्यात तस्सा तयार. "टाके किती, अक्का?" असं मी विचारलं तर वैतागायच्या. "मोजायचं काय त्यात? हाताला कळतं." मला सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचा पगार मिळतो; प्रत्येक गोष्ट तीनदा तपासून चौथ्यांदा लिहून ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे त्यांच्या त्या 'हाताला कळतं'चा मला जरा रागच यायचा. खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी सुप्रीता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहते. तिचं आणि कार्तिकचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्यांदा बातमी आली तेव्हा अक्कांनी पेढे वाटले नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. विणायची सुई तेवढी कपाटात टाकून कुलूप लावलं. मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं की बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी घरात काही करायचं नसतं, आणि सुई हातात आली की हात आपोआप टोपडंच विणायला लागणार, म्हणून सुईच नको. "अक्का, काहीतरीच काय," असं मी तेव्हा म्हटलं, आणि वर जाऊन आईला फोनवर ही गंमत हसून हसून सांगितली. पाच महिने त्या बाईंनी सुईला हात लावला नाही. संध्याकाळी मालिका बघताना त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे, आणि मधूनच बोटं हलायची.

बाळ सत्ताविसाव्या आठवड्यात आलं. मुलगी. वजन आठशे चाळीस ग्रॅम. हॉस्पिटल रिंग रोडच्या बाजूला, सुप्रीताच्या घराजवळ. बाळ तिथल्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत. आईवडील सोडून आत कुणाला जाऊ देत नव्हते, आणि ते बरोबरच होतं. एवढ्याशा जिवाला कुणाचा नुसता श्वासही पुरला असता. तरी अक्का आणि नरसिंहराव रोज दुपारी दोन बस बदलून तिकडं जायचे. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीवर बसायचं, कार्तिक बाहेर आला की त्याच्या फोनमधला फोटो बघायचा आणि परत यायचं. फोटोत नळ्या जास्त आणि बाळ कमी. गालावर चिकटपट्टी, डोक्यावर टोपी, त्यामुळे चेहरा कसा आहे ते कुणालाच धड कळत नव्हतं.

"आत सोडत नाहीत तर रोज कशाला जाता एवढ्या लांब?" मी विचारलं. मला खरंच त्यांच्या गुडघ्यांची काळजी होती.

"त्याच इमारतीत तर असते की मी," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, त्या फोन घेऊन वर आल्या. जिन्यानं धाप लागली होती आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी होतं. रंजिता नावाच्या एका नर्सनं सुप्रीताला सांगितलं होतं की काही ठिकाणी अशा बाळांच्या पेटीत क्रोशाचा छोटा ऑक्टोपस ठेवतात. बाळ त्याचे पीळदार पाय मुठीत धरून ठेवतं, त्यामुळे नळ्या ओढत नाही; आईच्या पोटातल्या नाळेसारखं लागतं म्हणे हाताला. खरंखोटं मला ठाऊक नाही. डॉक्टरांनीही 'ठेवायला हरकत नाही' एवढंच म्हटलं होतं. घरात कुणी क्रोशा करत असेल तर करून आणा, म्हणून रंजितानं इंग्रजी कृतीचे कागद फोनवर पाठवले होते. अक्कांना कानडी आणि मराठी वाचता येतं, इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं.

"तू वाच, मी करते," त्या म्हणाल्या. "माझं काहीतरी आत जाईल, श्वेता. मी नाही गेले तरी."

हे त्यांनी अगदी सरळ म्हटलं. कुलूप उघडून सुई बाहेर आली होती. त्यांच्या हातातच होती.

माझी अर्ध्या तासात मीटिंग होती. मी घाईघाईनं फाईल उघडली, वरची पानं बोटानं सरकवली आणि जिथून आकडे सुरू झाले तिथून वाचायला लागले. पहिली फेरी, सहा टाके. दुसरी फेरी, प्रत्येकात दोन, एकूण बारा. मग अठरा, मग चोवीस. कुठला टाका ते कळायला व्हिडिओ लावला. लांब नखांची एक मुलगी सावकाश विणून दाखवत होती. अक्कांनी दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर मुका खांब. याला एवढं काय शिकवायचं?"

शिकवायचं बरंच होतं, आणि आम्हा दोघींनाही. अक्का रुमाल सुरू करायच्या तो चार साखळ्यांचा गोल करून, मधे सुंदर भोक ठेवून. नक्षी तिथूनच फुलायची. इथं भोक राहिलं तर आत भरलेला कापूस बाहेर येणार, म्हणून दोऱ्याच्या फासात टाके घालून फास आवळायचा. तो फास जमायला सकाळ गेली. मग फेरी बंद करायची नाही, गोल गोल चालतच राहायचं, आणि पहिला टाका कुठला ते कळावं म्हणून त्यात सेफ्टी पिन अडकवायची. अक्का सवयीनं फेरी बंद करायच्या, मी ओरडायचे, त्या उसवायच्या. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे त्यांचं विणकाम सपाट यायचं. एका ठरावीक फेरीनंतर टाके वाढवायचे नाहीत, म्हणजे कडा आपोआप वळते आणि त्याचं डोकं होतं. पण कडा वळायला लागली की अक्कांचे हात गुपचूप एखादा टाका जास्त घालायचे. चाळीस वर्षं कडा वळू नये म्हणून धडपडलेले हात होते ते. दुपारपर्यंत ताटलीएवढी सुरेख सपाट चकती तयार.

"झाला तुझ्या ऑक्टोपसचा रुमाल," नरसिंहराव म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा," अक्का म्हणाल्या, आणि सगळं उसवलं.

मंगळवारी सकाळी गच्चीत कपडे वाळत घालायला गेले तर दोरीवर जांभळी लोकर टांगलेली दिसली. जुनी, उसवलेली, नूडल्ससारखी वाकडी. वाफेवर धरून सरळ केलेली आणि खाली वजनाला वाटी बांधलेली. अक्कांच्या सासूबाईंचा स्वेटर उसवून काढली होती ती. मला वाटलं, सराव जुन्या लोकरीवर चाललाय, नाहीतर म्हातारीची काटकसर. विचारलं नाही. मी बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघाले होते आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला किती वेळ अडकणार याचा विचार करत होते.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत ऑक्टोपस झाला. एकदा डोकं वळायला लागल्यावर अक्कांचा हात चालायला लागला. पायांची कृती त्यांना फार आवडली: लांब साखळी घालायची आणि परत येताना एकेका साखळीत तीन-तीन टाके कोंबायचे, जागा पुरत नाही म्हणून तो पाय आपोआप पीळ घेतो. असे आठ. काळ्या दोऱ्यानं दोन मिटलेले डोळे काढले. नरसिंहरावांना मिशाही हव्या होत्या. अक्कांनी तो ऑक्टोपस तळहातावर उभा केला आणि त्याचा एक पाय स्वतःच्या करंगळीला गुंडाळून बघितला. "मूठ केवढी असेल गं तिची?" त्यांनी विचारलं. मी माझ्या अंगठ्याचं पेर दाखवलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं खूप हसलो, कशावरून ते आता आठवत नाही. त्या दिवशी आम्ही सुखात होतो, एवढं मात्र नक्की सांगते.

शुक्रवारी मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले. रंजिता जिन्यातून खाली आली. तिशीची, बुटकी, भरभर चालणारी. कार्तिकही बरोबर होता. अक्कांनी स्टीलच्या डब्यातून तो जांभळा ऑक्टोपस काढून तिच्या हातात ठेवला. रंजितानं तो दाबला, बोटांत चोळला, उजेडात धरला.

"अम्मा, हे लोकर आहे का?" तिनं विचारलं. ती तुमकूरची आहे, पण मुंबईत चार वर्षं काम केल्यामुळे मराठी बोलते.

"होय की," अक्का उत्साहानं म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंची. शहाण्णव वर्षं जगल्या त्या. शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं जेवल्या."

तेव्हा कुठं मला कळलं. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिलं वस्त्र नवं लावायचं नाही. घरातल्या भरपूर जगलेल्या माणसाचं जुनं लावायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. अक्कांनी काटकसर केली नव्हती. घरात जे सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांनी उसवलं होतं.

रंजिताला बहुधा हेही कळलं, कारण तिनं अक्कांचा हात धरला. "लोकर नाही चालत, अम्मा. तंतू सुटतात, बाळाच्या नाकात जातात. नवीन सुती दोरा लागतो, कडक गरम पाण्यात धुवावं लागतं. पायसुद्धा लांब आहेत; ताणून बावीस सेंटिमीटरच्या आत पाहिजेत." आणि मग अगदी साधेपणानं म्हणाली, "पहिल्या पानावरच लिहिलंय की."

मी फोन काढला. पहिलं पान. लाल चौकट. शंभर टक्के सुती दोरा, नवीन. पायांची लांबी. का, तेही लिहिलेलं होतं. लहान मुलालाही कळेल अशा सोप्या इंग्रजीत.

परत येताना आम्ही टॅक्सी केली. मला स्वतःचा इतका राग आला होता की तो मला पेलवेना, आणि अशा वेळी मी जे नेहमी करते तेच केलं. दुसऱ्यावर काढला. "अक्का, निदान विचारायचं तरी!" मी म्हणाले. "जुनी लोकर, हॉस्पिटलमध्ये, एवढ्याशा बाळाला! हे कसलं तुमचं शास्त्र?"

अक्का समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

नरसिंहराव खिडकीबाहेर बघत राहिले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की अक्का, पान मी वाचलं नाही. ते मी म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी मी गांधी बझारातून पांढरा आणि फिका हिरवा सुती दोरा आणला, बारीक सुई आणली, मोजपट्टी आणली. आता मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. कृती कुणाची, तिचे हक्क कुणाचे, तेसुद्धा वाचून मराठीत सांगितलं. आणि अक्का मोजायला लागल्या. शाळेची जुनी वही घेतली, प्रत्येक टाक्याला पेन्सिलीची एक रेघ. ओठ हलायचे: एक, दोन, तीन. मधे दाराची घंटा वाजली की आकडा विसरायच्या आणि अख्खी फेरी उसवायच्या. फेरी बरोबर असली तरी उसवायच्या. "मोज गं तू एकदा," म्हणून माझ्याकडे द्यायच्या. मी तीस म्हटलं तरी पुन्हा स्वतः मोजायच्या. ज्या बाईंना मी 'मोजत का नाही' म्हणून छळलं होतं, त्या माझ्यासमोर बसून बोटं टेकवत टाके मोजत होत्या आणि ते मला बघवत नव्हतं. 'हाताला कळतं' हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

रविवारी कार्तिकचा फोन आला. बाळाचं पोट फुगलं होतं, दूध बंद केलं होतं, रात्रीपासून पुन्हा श्वासाच्या मोठ्या मशीनवर ठेवलं होतं. फोटो आला नाही. अक्कांनी ऐकून घेतलं, "सरी" म्हणाल्या, आणि पायाची साखळी घालायला लागल्या. पहिला पाय ताणून तेवीस भरला. उसवला. दुसऱ्यांदा साडेबावीस. तोही उसवला. मी म्हणाले की एवढा फरक चालेल, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मोजपट्टी परत त्यांच्या हातात दिली. सोमवारी दिवसभर पाय. दुपारी सुप्रीतानं स्वतः फोन केला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई, झालं का गं?" एवढंच तिनं विचारलं. अक्का म्हणाल्या, "पाच झाले, तीन राहिलेत."

मंगळवारी दुपारी आठवा पाय झाला. अक्कांनी ऑक्टोपस कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, डब्यात नाही. मीच टॅक्सी करून त्या दोघांना घेऊन गेले. रंजितानं हातमोजे घातले, एकेक पाय ताणून मोजला, डोक्यावर पेनाचं टोक टोचून कापूस बाहेर येतो का ते बघितलं. आम्ही तिघं ओळीनं उभे होतो, निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे.

"एकदम बरोबर आहे, अम्मा," ती म्हणाली.

अक्का खुर्चीवर बसल्या. आज धुलाई होईल, वाळवून पिशवीत बंद करू, नाळे सकाळच्या पाळीला पेटीत ठेवू, असं रंजितानं सांगितलं. नाळे म्हणजे उद्या. अक्कांनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

बुधवारी सकाळी पावणेसहाला खालून नरसिंहरावांची हाक आली. मी जिना उतरतानाच काय ते समजले.

डॉक्टर म्हणाले की जे झालं ते कशानंही थांबलं नसतं. आतड्याला संसर्ग झाला होता, इतक्या लहान बाळांना होतो. दोऱ्याच्या खेळण्यानं जीव वाचत नाही, हे मलाही कळतं. पण मी पहिलं पान वाचलं असतं तर सुती ऑक्टोपस गुरुवारीच झाला असता आणि शनिवारी पेटीत गेला असता. चार दिवस अक्कांचं काहीतरी तिच्या मुठीत राहिलं असतं. हे चार दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतले, आणि याचा हिशेब मला कुणी विचारलेला नाही. तीन आठवड्यांनी मी धीर करून अक्कांना सांगितलं की चूक माझी होती, पान मी वाचलं नव्हतं. त्या तांदूळ निवडत होत्या. "मीही विचारलं नाही की," म्हणाल्या, आणि मला चहा हवा का ते विचारलं. त्यांनी माफ केलं असेल. मला त्याचा काही उपयोग होत नाही.

आता चार महिने झाले. सुप्रीता फोन उचलत नाही. कार्तिक संध्याकाळी एक ओळ लिहून पाठवतो. अक्का विणत नाहीत. टीव्हीवरचं झाकण धुवायला काढलं ते परत घातलं नाही. मला या बाईंबद्दल लिहायचं होतं ते त्यांच्या रुमालांबद्दल, त्यांच्या तिरकस बोलण्याबद्दल. पण अक्का म्हटलं की मला त्या बुधवारची हॉस्पिटलमधली खोलीच दिसते. तेव्हा तेही सांगते आणि थांबते.

छोटी खोली होती. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. टेबलावर बंद पिशवीत धुतलेला ऑक्टोपस, वर लेबल: बेबी ऑफ सुप्रीता. बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. त्या पिशवीला कुणी हात लावला नाही. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. रंजिता बाळाला हिरव्या कापडात गुंडाळून घेऊन आली. नळ्या काढल्या होत्या, पट्ट्या काढल्या होत्या. चेहरा सगळ्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसला. हनुवटी नरसिंहरावांची होती. सुप्रीता तिला घेऊन बराच वेळ बसली. मग मान वर करून म्हणाली, "आई, घे."

अक्का उठल्या, पण तिच्याकडे गेल्या नाहीत. बेसिनकडे गेल्या. वर भिंतीवर हात कसे धुवायचे त्याची सात चित्रं लावलेली होती. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, साबण घेतला आणि चित्रं बघत बघत धुवायला लागल्या. तळहात. हाताच्या पाठी. बोटांच्या बेचक्या. प्रत्येक चित्रापाशी थांबत होत्या आणि ओठ हलत होते, मोजत होत्या.

"परवागिल्ला अम्मा," रंजिता हळूच म्हणाली. "आता नाही धुतले तरी चालेल."

"असू दे," अक्का म्हणाल्या. "पहिल्यांदा घेतेय की मी तिला."

आम्ही सगळे थांबलो. सातवं चित्र झालं. त्यांनी नळ कोपरानं बंद केला, कागदानं हात कोरडे केले आणि बाळाला घेतलं.